सातव्या झटक्यानंतर

"सात," मामा म्हणाले आणि गव्हाचं मूळ माझ्याकडे दिलं. त्या दुपारी मी मनात नऊ मोजले होते.

चूक माझीच असणार, असं धरून मी मूळ पिशवीत घातलं. एकतीस वर्षं मुळं झटकणाऱ्या माणसाच्या आकडेमोडीवर मी शंका घेणार नव्हतो.

आमचं काम साधं. रोप उपटायचं आणि मूळ सात वेळा झटकायचं. पडते ती शेताची माती. त्यानंतरही चिकटून राहते ती मुळाची माती. तिच्यात मुळाशी घरोबा असलेले जीवाणू असतात आणि प्रयोगशाळेला तेच हवे असतात. झटका जोराचा नको, मिळमिळीतही नको. म्हणून सगळ्या संशोधन केंद्रात झटकणारा हात एकच, मामांचा. त्यांना सगळे सातमामा म्हणत. मी नवीन असताना ते आडनाव समजून त्यांचा रजेचा अर्ज तसाच लिहून दिला होता. रजा मंजूर झाली.

सकाळी निरोगी गव्हाचे वाफे, जेवणानंतर मूळकुजीचे. उलटं कधीच नाही, कारण आजारी वाफ्यातली बुरशी बुटांवरून निरोगी वाफ्यात जाते.

त्याच आठवड्यात या हंगामातल्या आधीच्या नमुन्यांचे आकडे आमच्या शास्त्रज्ञ मॅडमच्या हाती आले. मागल्या वर्षी आजारी मुळांभोवती जीवाणूंची गर्दी दिसली होती. मूळ कुजायला लागलं की बुरशीशी लढणारे जीवाणू भोवती गोळा होतात. मामांना ही गोष्ट फार आवडली होती. "मूळ हाक मारतं, आणि येतात लेकाचे," असं ते भेटेल त्याला सांगायचे. मामी गेल्यापासून त्यांच्या घरी दूधवाल्याशिवाय कुणी जात नव्हतं, त्यामुळे ते दूधवाल्याला बऱ्याचदा सांगून झालं होतं.

यंदा आकडे उलटे होते. आजारी मुळांभोवतीची वस्ती निम्मी.

"दुखणं लांबलं की शेजारी पळतात," मॅडम म्हणाल्या. "मोठी गोष्ट आहे ही. सोमवारी परिषदेत मांडतेय."

मामांनी अर्धा कप चहा मागवला. हल्ली ते अर्धाच घेत. भरल्या कपानं पित्त होतं म्हणे, आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. शर्ट सोडून ते टी-शर्ट घालायला लागले होते, छातीवर शार्क मासा असलेला. साठीला टेकलेल्या माणसाला शार्क का घालावासा वाटला, हेही मी विचारलं नव्हतं. टी-शर्टला बटणं नसतात, एवढंच मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोंडानं मोजलं.

"मामा, अकरा झाले."

"तुला मोजता येत नाही."

"बरं."

पुढच्या मुळाला त्यांनी हात घातला आणि थांबले. मूळ त्यांच्या हातात आपोआप हलत होतं. मुळाला चिकटलेली मातीही बारीक बारीक गळत होती.

"सकाळी सातच होतात," ते म्हणाले. "गोळी असते ना. दुपारी उतरते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वाढणार म्हणतात. त्यासाठी पैसे घेतात." त्यांनी मूळ खाली ठेवलं. "कुणाला बोलू नकोस. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. घरी बसून काय झटकू, पायपुसणं?"

"नाही बोलत," मी म्हणालो. आणि बोललोही नसतो. मॅडमची परिषद खड्ड्यात गेली तरी चाललं असतं मला.

शुक्रवारी नमुन्यांचा ट्रे घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेलो, तर मागून मामा आले. मॅडम परिषदेचं भाषण टाइप करत होत्या.

"मॅडम, शेजारी पळाले नाहीत. मी हाकललेत."

"काय?"

मामांनी उजवा हात टेबलावर ठेवला. स्टँडमधली पेनं खुळखुळायला लागली. मॅडमनी आधी पेनांकडे पाहिलं, मग हाताकडे. मी ट्रेकडे पाहत राहिलो.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"गव्हाला ओंब्या धरायच्या आधीपासून. सकाळचं काम चोख आहे. दुपारचं सगळं बाद धरा."

"मामा, तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं."

"ते आले असणार हो," मामा म्हणाले. "मूळ हाक मारतं तेव्हा येतातच ते. माझ्यापायी त्यांच्यावर बोल नको."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. मामांनी हात उचलला, तेव्हा पेनं गप्प झाली.

मूळकुजीचा एक वाफा अजून शिल्लक होता. सोमवारी परिषदेच्या वेळेला मॅडम त्याच वाफ्याच्या कडेला बूट चिखलात घालून उभ्या होत्या. झटकायचं मला सांगितलं होतं. माझा पहिला झटका मामांना पसंत पडला नाही.

"माशा हाकलतोयस का? मनगटातून. परत घे."

मी नवं रोप उपटलं. मामा माझ्याशेजारी उभे राहिले, हात पँटच्या खिशात घालून, आणि मोजायला लागले. एक. दोन. आवाज अगदी स्थिर होता त्यांचा.

"सात," ते म्हणाले आणि मी थांबलो. मुळाला काळी माती लगडून होती, बोटभर जाड. मॅडमनी पिशवी पुढे धरली.

मामांचा खिसा मात्र अजून हलत होता. मॅडमनी आणि मी पिशवीवर तारीख लिहायला जरा जास्तच वेळ लावला.