मागायला कोणी नाही

डॉक्टरांनी सुंदराबाईंना बसायला खुर्ची दिली, तेव्हाच त्यांच्या सुनेने, नंदाने, काय ते ओळखलं. दोन महिने त्या हॉस्पिटलात खेपा चालल्या होत्या, पण बसा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

"आजी, तुम्हाला साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "किडनीवरही परिणाम झालाय. तुमची किडनी मुलाला देता येणार नाही."

"माझं काय व्हायचं ते हू द्या, सायेब. काढून घ्या."

"तुमचा प्रश्न नाही हो. ती त्याच्या कामाची नाही."

नंदाचा रक्तगट आधीच जुळला नव्हता. कुंडलिकला पाठचं-पुढचं कोणी नव्हतं. वडील, धोंडिराम, वारून आठ वर्षं झाली होती. डॉक्टरांनी पुढचं खाली बघत सांगितलं. डायलिसिसची मशीनं दोनच होती आणि रांग मोठी. ज्यांना किडनी मिळणार, त्यांचा नंबर आधी. आणखी दोन महिने ते कुंडलिकला मशीनवर घेतील. त्यानंतरचं त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघींनी विचारलं नाही.

हा पंचाऐंशी सालचा मार्च महिना. कुंडलिक अठ्ठावीस वर्षांचा होता. मरोळला एका कारखान्यात लेथवर काम करायचा. दिवाळीच्या सुमाराला पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग जिना चढताना दम लागायला लागला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. विक्रोळीला पार्कसाईटच्या टेकडीवर त्यांची एक खोली होती, तिथून दहा पावलांवर बुद्धविहार.

तो विहार उभा करताना बायकांनी रेतीची घमेली डोक्यावरून वर नेली होती. सुंदराबाई सगळ्यांत पुढे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण अख्खी वंदना तोंडपाठ होती. पौर्णिमेला त्या पुढे बसायच्या आणि मागच्या बायका त्यांच्या आवाजामागून म्हणायच्या. नंदाही त्यांत असायची, पण तिचं लक्ष नसायचं. जन्मापासून घरात तेच ऐकलेलं, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या रेडिओसारखं ते तिच्या कानावरून जायचं.

हॉस्पिटलातून आल्यावर त्या पौर्णिमेला सुंदराबाई विहारात गेल्या नाहीत. पुढच्या रविवारीही नाही. नंदाला वाटलं, थकल्या असतील. मग एका दुपारी डाळीचा डबा काढताना त्याच्यामागे एक पुडी सापडली. आत हळदकुंकू, एक लिंबू आणि काळा दोरा.

"आई, हे काय?"

सुंदराबाईंनी पुडी तिच्या हातातून घेतली आणि पदराखाली धरली.

"मालनकडं गेल्ते."

मालन खालच्या चाळीत राहायची. मंगळवारी तिच्या अंगात यायचं आणि पार भांडुपवरून माणसं तिच्या दारात येऊन बसायची.

"तिनं सांगितलं?" नंदाचा आवाज चढला. "तिनं सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत? तुम्ही?"

"हळू बोल. तो निजलाय."

कुंडलिक जागाच होता. भिंतीकडची कूस बदलून तो म्हणाला, "काय सांगितलं, आई? मलाही कळू दे."

मग सुंदराबाई जे बोलल्या ते नंदाने कधी ऐकलं नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर पैठणकडच्या त्यांच्या गावात लोकांनी घरातले देव बाहेर काढले. त्यांच्या घरात सासूच्या सासूपासूनची मरीआई होती. तिला हात लावायला कोणी धजेना. तेव्हा एकोणीस वर्षांच्या सुंदराबाईंनी ती उचलली, ओटीत घेतली आणि चालत जाऊन गोदावरीत सोडली.

"लई भ्याले होते," त्या म्हणाल्या. "आठ दिस भाकर गोड लागली न्हाई. पर काईच झालं न्हाई. पुढल्या साली तू झालास. मला वाटलं, सुटले. आता मालन म्हंती, ती इसरली न्हाई. ती मागतीया."

"अठ्ठावीस वर्षं थांबली होय?" कुंडलिक हसला आणि हसताना त्याला खोकला आला. "आणि मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो. माझ्यावर कसला राग?"

"लेकरा, मग कुनाला मागू? बुद्धाला मागता येत न्हाई. तो देनारा न्हाई, वाट दावनारा हाय, ह्ये म्याच समद्यांला सांगत आले. तुला वाट नको रं आता. तुला किडनी पायजे."

खाली नळावर बायका भांडत होत्या ते स्पष्ट ऐकू येत होतं.

कुंडलिकने चादरीतून हात काढला. डाव्या हातावर मशीनच्या सुयांनी गाठी आल्या होत्या म्हणून त्याने उजवा पुढे केला. "बांध."

"अहो, काय करताय?" नंदा म्हणाली.

"बांधू दे गं. तिला रात्री झोप तर लागेल."

सुंदराबाईंनी दोरा बांधला. बांधताना त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही.

एप्रिलच्या शेवटी विहाराचे सेक्रेटरी भीमराज गायकवाड आले. दारात "जय भीम" करून आत बसले. पुढच्या आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती आणि वंदनेला सुंदराबाई पाहिजेत असं त्यांचं म्हणणं होतं. बोलता बोलता त्यांची नजर कुंडलिकच्या मनगटावर गेली. नंदाला वाटलं, आता पायाला पाय लावून पळून जावं. भीमराजांनी नजर काढली, कप उचलला. चहा प्याले. तेवढ्यात मागून मंडळाची आणखी दोन माणसं जिना चढून येताना दिसली, तेव्हा त्यांनी उठून कुंडलिकची चादर नीट केली आणि हात आत झाकला.

"सुंदराबाय, तुमच्या सवडीनं या," एवढं म्हणून ते मंडळींना दारातूनच घेऊन गेले.

पौर्णिमेला त्या गेल्या नाहीत. "त्या तोंडानं आता म्हनू व्हय?" असं म्हणून तोंड फिरवून बसल्या. त्या दिवशी नंदा एकटीच गेली. म्हणावंसं वाटलं म्हणून नाही. पांढरी साडी नेसून निदान घराबाहेर पडता येईल म्हणून. पुढची जागा मोकळी होती. बायका एकमेकींकडे बघत होत्या. कोणीच सुरुवात करेना, तेव्हा तिनेच केली. मध्येच दोन ओळी राहिल्या, मागच्या बायका गोंधळल्या, कोणीतरी हसलं. तिने परत पहिल्यापासून सुरू केलं. घामाने पाठ भिजली. पण ती वीस-पंचवीस मिनिटं तिच्या डोक्यात मशीन नव्हतं, रांग नव्हती, नंबर नव्हता. बाहेर आल्यावर ते सगळं होतं तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या कामावर जाण्याआधी ती पुन्हा गेली. भीमराजांकडून किल्ली मागून घेतली, झाडून काढलं, बसली. मग रोजच जाऊ लागली.

"काय मागतेस तिथं?" कुंडलिकने एकदा विचारलं.

"मागायला तिथं कोणी आहे का?"

"नाही."

"मग नुसती बसते."

मेच्या मध्यावर दोन महिने सरले आणि त्याचं मशीन बंद झालं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. कुंडलिकच्या तोंडाला लघवीसारखा वास यायला लागला, अंगाला खाज सुटली, जेवण जाईना. पाणी अंगात साठायचं, म्हणून सुंदराबाई पाण्याचा पेला मोजून मोजून द्यायच्या. त्याला तहान खूप लागायची. तो पेल्याकडे बघत राहायचा आणि त्या पेला पदराआड लपवून भिंतीकडे तोंड करायच्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्याचा श्वास मोठ्याने चालू लागला. मध्येच त्याने डोळे उघडले.

"आई, म्हण ना."

काय म्हणायचं ते त्यांना कळलं. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मुलाचा हात हातात घेऊन त्या नुसती मान हलवत राहिल्या. तेव्हा नंदा उशाशी बसली आणि तिने त्रिसरण सुरू केलं. घाबरून तिने पहिल्या फेरीतून एकदम तिसरीत उडी घेतली.

"दुतियम्पि," कुंडलिक पुटपुटला. "दुतियम्पि राहिलं."

ती मागे दुसऱ्या फेरीवर आली. पंचशील संपण्याआधी तो गेला. ती थांबली नाही. पुरं करून मगच तिने त्याच्या छातीवर डोकं ठेवलं.

त्याच्यासाठी विहारात पुण्यानुमोदनाची वंदना झाली, तिला टेकडीवरची सगळी माणसं आली. सुंदराबाई खोलीबाहेर आल्या नाहीत. मुलुंडहून नंदाचा भाऊ मधुकर आला होता. निघताना म्हणाला, "चल आता घरी. इथं काय राहिलंय तुझं?"

"बघू. एवढ्यात नको," नंदा म्हणाली. त्याच्याशी वाद घालायची ताकद तिच्यात नव्हती.

त्यानंतर खोलीत दोघीच उरल्या. सुंदराबाईंचं जेवण निम्म्यावर आलं. मालनने दोनदा निरोप धाडला, त्यांनी दार उघडलं नाही. विहाराकडची खिडकीही त्या उघडू देत नव्हत्या.

एका संध्याकाळी नंदा तांदूळ निवडत असताना त्या बोलल्या, "म्या दोन्हीकडून गेले गं. मरीआईकडं गेले, तिनं लेकरू ठेवलं न्हाई. आन् विहाराचं तोडून गेले."

"कोणी तोडलं म्हटलंय तुम्हाला?"

"कुनी म्हनाया कशाला पायजे? पोरानं शेवटचं मागितलं, त्ये बी तोंडातून निगालं न्हाई."

नंदाने सूप खाली ठेवलं.

"तू रोज जातीस," सुंदराबाई म्हणाल्या. "खरं सांग. तुला तितं काय वाटतं का?"

"रोज नाही वाटत. या महिन्यात एकदाही नाही वाटलं."

"मग कशापायी जातीस?"

"पुन्हा कधी वाटलं, तर तेव्हा मी तिथं असावं म्हणून."

सुंदराबाईंनी सूप आपल्याकडे ओढलं आणि चार दाणे निवडले. मग म्हणाल्या, "उद्या मला उठीव."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला नंदाने त्यांच्या खांद्याला हात लावला. "आई, चला." त्यांनी डोळे उघडले, उठून बसल्या, केस मागे सारले. दोन्ही हात जमिनीवर टेकून तशाच बसून राहिल्या.

"आज न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या.

"बरं."

"तू जा. तुला उशीर होईल."

नंदाने त्यांच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला, चप्पल घातली आणि दार ओढून घेतलं. विहारात तिने सतरंजी अंथरली. कामाला जायला अजून अर्धा तास होता. ती बसली.