सुतळीची गाठ

बाजीरावांनी बोर्डातला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसला, शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं. छायानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दिवाळीपासून ती त्यांच्या हाताखाली होती, पण फ्यूज एकदाही तिच्या हातात आला नव्हता. काम चालू असताना दुसऱ्या कुणी लाइन सुरू करू नये म्हणून वायरमन फ्यूज स्वतःजवळ ठेवतो, हे तिला कळत होतं. खिसा मात्र कायम त्यांचाच का, हे कळत नव्हतं.

सारोळ्याला हायवेच्या कडेला नूतननं मिरची कांडपाचं यंत्र बसवलं होतं, आणि आज ते सुरू व्हायचं होतं. पत्र्याच्या शेडपुढे ताडपत्रीवर मिरची पसरलेली होती. नूतन हळदीकुंकवाचं ताट घेऊन सकाळपासून आतबाहेर करत होती.

"काका, बसलाच हाय तर त्यातल्या हिरव्या राहिल्यात तेवढ्या येचून काडा की," ती बाजीरावांना म्हणाली.

"आमचं काम वायरीचं. मिरचीला हात लावला आन त्योच डोळ्याला लागला म्हंजे?" बाजीराव हसले आणि ताडपत्रीपासून लांब सरकले.

छाया गुपचूप मशीनकडून आलेल्या वायरी पाइपातून बोर्डापर्यंत ओढत राहिली. भोरला वायरमनचा तीन महिन्यांचा कोर्स करून तिनं सर्टिफिकेट घरात भिंतीवर लावलं होतं. त्यासाठी शिरवळच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडलं होतं. सर्टिफिकेट बघायला शेजारपाजारचे सगळे आले, पण पंखा जोडायला कुणी बोलावलं नाही. भाटघरपासून सारोळ्यापर्यंत वायरमन म्हटलं की बाजीराव. ते 'हिला जमतं' म्हणाले असते तर तिला घरोघर काम मिळालं असतं. ते म्हणत नव्हते. कंपनीतला सुपरवायझर मात्र दोनदा निरोप धाडून चुकला होता, महिनाअखेरीला आलीस तर ये, नाहीतर जागा भरतो. महिना संपत आला होता.

बाजीराव तिला बटणं बसवू देत, दिवे लावू देत, मशीनच्या टोकाची जोडणीही करू देत. बोर्ड आला की तिला काहीतरी आणायला पिटाळत. शिडी आण, पाणी आण, पक्कड गाडीच्या डिकीत राहिली बघ. ती परत येईपर्यंत झाकणाचे स्क्रू आवळलेले असत. त्याआधी एक परीक्षा ठरलेली. पाइपातून बाहेर आलेलं वायरीचं टोक तिच्यासमोर धरायचं आणि विचारायचं, "सांगा मॅडम, हिचा रंग कुठला? कोर्समधी शिकवला असंल की."

बालवाडीतल्या पोराला विचारावं तसं. ती 'लाल' म्हणाली की वायरीला सुतळीची एक गाठ, 'हिरवी' म्हणाली की दोन. सुतळीची गुंडी कायम त्यांच्या पिशवीत असे. गाठी कशाला, असं तिनं सुरुवातीला विचारलं होतं.

"आमची रीत हाय," एवढंच उत्तर मिळालं होतं.

तिच्याआधी आकाश त्यांच्याकडे होता. तो पुण्याला निघून गेला. मागे कापूरहोळच्या एसटी स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "म्हातारं रंग इचारून जीव खातंय नुसतं. बोर्डाला हात लावू देत न्हाई. आपल्या पोटावर पाय येईल म्हनून भितंय."

तेव्हापासून छायाच्या डोक्यात तेच बसलं होतं. माणूस आपल्याला फुकटचं राबवून घेतोय आणि मोक्याच्या जागी हात झाकतोय. गाठीतही काहीतरी गोम असणार. कोर्समध्ये सरांनी सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं. हिरवी वायर अर्थिंगची, म्हणजे मशीनच्या अंगाला लावायची, तिच्यात करंट नसतो. बाजीरावांना ती वायरच मान्य नव्हती. पूर्वी ते अर्थिंगला उघडी तार वापरत. "लाल आन काळीवर निम्मा तालुका उजळला. ही हिरवी कोर्सवाल्यांनी आनली," असं ते चारचौघांत म्हणत आणि लोक हसत.

आज नूतनसमोरही तेच झालं.

"ही कोर्सवाली का?" नूतननं विचारलं.

"तीन महिन्यांची," बाजीराव म्हणाले. "तेवढ्यात आपल्याकडं भात बी कापनीला येत न्हाई."

नूतन हसली. छायाच्या कानाची पाळी तापली. मशीनच्या टोकाला तिनं काल स्वतः जोडणी केली होती. हिरवी मशीनच्या लोखंडी अंगाला, लाल आणि काळी मोटरला. अगदी बरोबर. हे बाजीरावांनी कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी बोर्डाखालचं एक टोक चिमटीत धरून तिच्यापुढे केलं.

"सांगा मॅडम. ही कुठली?"

वायर हिरवी होती. स्वच्छ, पोपटासारखी हिरवी. छाया त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिला सरळ सरळ चीड आली. घ्या परीक्षा. चुकीचं सांगते. धरा चूक, हसा एकदाचे नूतनसमोर, मग मीही काय ते तोंडावर विचारते.

"लाल," ती म्हणाली.

ती हसण्याची वाट बघत थांबली. बाजीरावांनी सुतळी तोडली आणि हिरव्या वायरीला एक गाठ मारली.

"आन ही?"

लाल होती.

"हिरवी," छाया म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

त्यांनी लाल वायरीला दोन गाठी मारल्या. मिशीखाली हसू नाही, भुवई उडाली नाही. गाठी अंगठ्यानं चाचपून घट्ट केल्या.

"जा, गाडीतनं पक्कड आन."

पक्कड त्यांच्या गुडघ्याशीच पडली होती. छाया जागची हलली नाही. काळी वायर त्यांनी हातातही घेतली नव्हती. तिला एकदम आठवलं, काळी त्यांनी कधीच विचारली नव्हती. दिवाळीपासून एकदाही नाही. विचारायचे ते फक्त लाल आणि हिरवी.

बाजीरावांची बोटं एक गाठ असलेल्या वायरीकडे गेली, आणि त्यांनी ती हिरवी वायर लाइनच्या, म्हणजे करंट येणाऱ्या खाचेत सरकवली.

या माणसाला लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नव्हता. तो परीक्षा घेत नव्हता. खरंच विचारत होता.

"झालं का, काका?" मागून नूतननं विचारलं. तिनं मशीनवर हळदीकुंकू वाहिलं होतं आणि नारळ फोडायच्या आधी नमस्काराला उजव्या हाताचा तळवा मशीनच्या लोखंडी अंगावर टेकवला होता. पाय अनवाणी होते.

"झालंच," म्हणत बाजीरावांनी स्क्रू आवळला आणि हात खिशाच्या बटणाकडे नेला. फ्यूज बसला की करंट थेट मशीनच्या अंगात उतरणार होता.

"काका, थांबा."

हात थांबला.

भीती होतीच, पण त्या भीतीमागून रागही उसळला होता. इतके दिवस, इतक्या घरांत, दुसऱ्याच्या डोळ्यांवर हा माणूस काम करत आला आणि वर तिलाच हसत आला. एक वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. ते बोलली असती तर संध्याकाळपर्यंत भोरच्या बाजारापर्यंत पोचलं असतं, आणि बाजीरावांना पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. पण खोटं तीच बोलली होती. नूतनचा तळवा अजून मशीनवर होता.

"मी चुकले," छाया म्हणाली. "रंग उलटे सांगितले. लाल ती हिरवी हाय आन हिरवी ती लाल."

"अगं बया," नूतन मशीनपासून मागे सरकली. "तीन महिन्यांत लाल-हिरवं बी शिकवलं न्हाई व्हय? काका, तुमी व्हता म्हनून बरं. हिच्या हातात काय देऊ नगा."

छाया मान खाली घालून उभी राहिली. शिरवळची बस तिला डोळ्यांसमोर दिसली.

बाजीराव तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी खाचेतल्या वायरीकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. हिला रंग कळतात हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

छाया त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "हितनं पुढं बोर्ड मी जोडनार."

बाजीरावांनी खिशाचं बटण काढलं. फ्यूज बाहेर काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि आपल्या बोटांनी तिची मूठ मिटवली.

"व्हय," ते म्हणाले, आणि बोर्डापुढून बाजूला झाले.

छायानं फ्यूज ड्रेसच्या खिशात टाकला. स्क्रू सैल केले, वायरी सोडवल्या, सुतळी काढली. लाल लाइनला घेतली, काळी तिच्या जागी, हिरवी अर्थिंगला. प्रत्येक वायर एकदा ओढून पाहिली. झाकण लावायच्या आधी ती थांबली. काढलेली सुतळी तिनं उचलली आणि लाल वायरीला एक गाठ मारली, हिरवीला दोन. मग झाकण लावलं.

नूतन दारातूनच हे सगळं बघत होती.

"काका, चालू करायच्या आदी तुमी एकदा बघून घ्या की," ती म्हणाली. "पोरीचा भरवसा न्हाई वाटत."

बाजीराव ताडपत्रीच्या कडेला जाऊन बसले होते. त्यांनी एक मिरची उचलली, उन्हात धरून उलटसुलट केली आणि ढिगात परत ठेवली.

"तिनं बघितलंय," ते म्हणाले. "मला तेवढं दिसत न्हाई."