रविवारी मजल्यावर कोणी नसतं

शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपली की बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या दगडी रस्त्यांवर चाकांच्या बॅगांचा खडखडाट सुरू व्हायचा. सगळी पोरं स्टेशनाकडे निघालेली. नातिया जॉर्जियाहून एका सत्रासाठी शिकायला आली होती. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, काहीतरी मोठा सण असेल. तिने शेजारच्या खोलीतल्या हान्नेला विचारलं.

"सण कसला? घरी चाललोय. दर शुक्रवारी जातो." हान्ने बॅगेत मळके कपडे कोंबत होती.

"लांब आहे का घर?"

"तासभर असेल."

"एवढ्या जवळ घर असताना इथे खोली कशाला घेतलीस?"

"स्वतंत्र राहायला," हान्ने म्हणाली आणि मोज्यांचा शेवटचा जोड आत ढकलून तिने चेन ओढली. "धुणं तेवढं आई करते."

रविवारी संध्याकाळी सगळे परत यायचे. इस्त्रीचे कपडे, आयांनी दिलेले सुपाचे आणि मटणाचे डबे. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा, डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. कोणी कोणाच्या डब्याला हात लावत नसे, आणि घे म्हणून कोणी पुढेही करत नसे. वागायला सगळे चांगले होते. जिन्यात भेटले की हसायचे, दार धरून ठेवायचे. पण शुक्रवार ते रविवार त्या मजल्यावर फक्त नातियाच्या चपलांचा आवाज असायचा. कधीकधी ती मुद्दाम पाय आपटत चालायची.

हे तिने आईला सांगितलं नव्हतं. आईने तिला एकटीने वाढवलेलं. निघताना कुतायसीच्या विमानतळावर तिने बजावलं होतं, "तिथे एकटी पडलीस असं मला कळलं ना, तर त्याच दिवशी परतीचं तिकीट काढीन. मग शिक्षण गेलं खड्ड्यात." म्हणून पहिल्याच फोनवर नातियाने हान्नेचं आणि समोरच्या खोलीतल्या ब्रामचं नाव घेतलं. आम्ही एकत्र जेवतो म्हणाली. पुढच्या फोनला त्या जेवणात अजून काही पदार्थ वाढले. आई इतकी सुखावली की चर्चमध्ये त्या दोघांच्या नावाने मेणबत्ती लावू लागली.

मग ईस्टर आला. बेल्जियमचा ईस्टर केव्हाच होऊन गेला होता. नातियाच्या चर्चचं पंचांग वेगळं, त्यांचा ईस्टर महिन्याभराने. आईने पोस्टाने मंजिष्ठेच्या मुळांची पुडी पाठवली. ही मुळं पाण्यात उकळून त्यात अंडी रंगवायची, आणि रविवारी समोरासमोर बसून आपलं अंडं दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचं. ज्याचं फुटेल तो हरला, त्याचं अंडं जिंकणाऱ्याला.

"पहिलं अंडं हान्नेशी फोड," आई फोनवर म्हणाली. "आणि मला दाखव. एकदा बघू दे तरी तिचं तोंड."

बुधवारी स्वयंपाकघरात नातियाने विषय काढला. "रविवारी आमचा ईस्टर आहे. थांबाल का?"

"अगं, ईस्टर झाला की," हान्ने म्हणाली. "चॉकलेटं खाऊन माझी पँट घट्ट झाली."

"यांचा मागच्या गाडीने येतो," ब्राम पावाला लोणी फासत म्हणाला. "बेल्जियमच्या रेल्वेने निघाला असेल, उशीर व्हायचाच."

नातियाही हसली. मग तिने पुन्हा विचारलं.

"बघू," हान्ने म्हणाली.

नातियाच्या गावात जेवायला बोलावलं की माणूस आधी बघू म्हणतो, नको म्हणतो. तो बोलावणाऱ्याचा मान असतो. आपण पुन्हा म्हणायचं, हात धरून ओढायचं, मग तो येतो. म्हणून गुरुवारी सकाळी तिने हान्नेला जिन्यात गाठलं. दुपारी ग्रंथालयाबाहेर पुन्हा. संध्याकाळी न्हाणीघराच्या दाराशी हान्ने टॉवेल सावरत म्हणाली, "नातिया, बघू म्हणजे मला जमणार नाही. आजीचा वाढदिवस आहे. मला वाटलं, तुला कळलंय." तिचा आवाज मऊच होता, पण ती अर्धं पाऊल मागे सरकली होती. ते पाऊल नातियाच्या मनातून जाईना.

जॉर्जियन चर्च दुसऱ्या शहरात होतं. तिथे एकटीने जाऊन अनोळखी बायकांना आपण कोणाबरोबर आलो ते सांगत बसण्याचा तिला धीर झाला नाही.

शुक्रवारी बाहेर बॅगा खडखडत असताना तिने अंडी उकळायला ठेवली. तिच्याकडे एक तवा होता फक्त. ओट्याखाली पांढरं एनॅमलचं पातेलं दिसलं, ते तिने घेतलं. घरी पातेलं कोणाचं हा प्रश्नच नसतो, ज्याला लागेल तो घेतो. मुळांचा रंग छान उतरला. अंडी डाळिंबासारखी लाल झाली. पातेलं रिकामं केल्यावर तिला दिसलं की तेही आतून लाल झालं आहे. घासलं, सोडा लावला, लिंबू चोळलं. लाल होतं ते गुलाबी झालं. घासता घासता कडीखाली नावाची चिठ्ठी दिसली: हान्ने.

शनिवार गेला. रविवारी दुपारी आईचा फोन आला. "कुठे आहेत गं पोरं?"

"केक आणायला गेलीत," नातिया म्हणाली.

"बरं. संध्याकाळी करते."

दिवसभर ती खिडकीशी बसून राहिली. जिने यावं असं वाटत होतं, तिचीच भीतीही वाटत होती. अंधारताना बॅगेची चाकं जिन्यावर आपटत वर आली. हान्ने सरळ स्वयंपाकघरात शिरली, डबे लावायला. मग आवाज बंद झाला.

नातिया दारात गेली. हान्नेच्या हातात पातेलं होतं.

"हे माझ्या आईने दिलं होतं मला. इथे राहायला आले तेव्हा."

"मला वाटलं, सगळ्यांचं आहे. मी नवीन घेऊन देते."

"नवीन नकोय." हान्नेने पातेलं ओट्यावर ठेवलं. "विचारायचं होतंस गं. तेवढंच."

"हो."

नातियाने ओट्यावरच्या टोपलीतलं एक अंडं पुढे केलं. त्याच्याशी काय करायचं ते सांगायला तिने तोंड उघडलं, पण हान्नेने ते घेतलंही होतं. "सुंदर रंग आहे. थँक्यू. उद्या नाश्त्याला खाईन," म्हणत तिने एका चिठ्ठीवर आपलं नाव लिहिलं, अंड्याला चिकटवलं आणि ते आपल्या कप्प्यात ठेवून फ्रिजचं दार लावलं. यात राग नव्हता. उलट गोष्ट मिटवायचीच तिची पद्धत होती ती. पातेलं पाण्यात भिजत घालून ती खोलीत गेली.

फोन वाजला. नातिया टोपली घेऊन आपल्या खोलीत आली, पलंगावर बसली. पडद्यावर आईने नवा स्कार्फ बांधलेला, हातात लाल अंडं.

"बोलव पोरीला."

नातियाला सांगता आलं असतं की हान्ने आंघोळीला गेलीय. वाक्य तयार होतं.

"आई, कोणी नाहीये. कधीच नसतं."

आईने नाक ओढलं. "आणि मी त्या मेणबत्त्या लावत बसले."

"लाव की. वाईट नाहीत ती पोरं."

"तिकीट काढू?"

भिंतीपलीकडे हान्ने कपाटात कपडे लावत होती. हँगरचा आवाज येत होता. नातियाने दोन्ही हातांत एकेक अंडं घेतलं. एकटीने फोडलेलं धरत नाहीत, हे तिला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. तरी नातियाने ती एकमेकांवर आपटली. डाव्या हातातलं फुटलं.

"कोण जिंकलं?" आईने विचारलं.

"मीच."

"मग खा. आणि मिठाशी खा, नुसतं नको." आईने डोळे पुसले. "तिकिटाचं बोल."

नातियाने टरफल सोलायला घेतलं. लाल रंग नखांत गेला. "नको काढूस," ती म्हणाली. "फक्त दर रविवारी दुपारी फोन कर. आणि कोणाबरोबर जेवलीस ते विचारू नकोस."