झोपाळा नव्हे, जाळे!

मित्रांनो, मी दिवाळे गावातले एक जुने सुती जाळे आहे. जुने म्हणा, मला राग नाही. निकामी मात्र म्हणू नका. तो शब्द माझ्यासमोर एकदाच उच्चारला गेला. पुढे काय झाले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म १९७१ सालच्या पावसाळ्यातला. खाडीला उधाण होते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या आणि कोळ्यांच्या घरोघरी जाळी विणली जात होती. वामनबाबा ओटीवर बसून मला विणत. सुताचे टोक ते पायाच्या अंगठ्यात धरत. हातात बांबूची सुई आणि बाजूला लाकडाची छोटी पट्टी असे. त्या पट्टीवर मोजल्याशिवाय ते माझा एकही डोळा, म्हणजे दोन गाठींमधले भोक, ओवत नसत. माझ्या अंगावर किती गाठी आहेत हे मला ठाऊक नाही, पण एकही गाठ घाईत मारलेली नाही, एवढे मी छातीठोकपणे सांगतो.

विणून झाल्यावर मला रंगवले. ऐनाच्या झाडाची साल कुटून मोठ्या हंड्यात उकळली आणि त्या काढ्यात मला बुडवून ठेवले. मी बाहेर आलो तो कडक चहासारखा तांबूस होऊन. मित्रांनो, हा रंग शोभेचा नसतो. खारे पाणी सुताला कुजवते, आणि सालीचा रस त्याला वाचवतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ याच रंगावरून झाला.

मी कामाला लागलो. भरतीच्या वेळी वामनबाबा मला खाडीतल्या दोन खुंटांना बांधत. ओहोटीचे पाणी माझ्यातून धावत जाई आणि कोलंबी, बोय मासे, चिंबोरी खेकडे माझ्या पोटात राहत. गावात माझे कौतुक होते. मग नायलॉन आले. ते कुजत नाही, त्याला साल लागत नाही. वामनबाबांचा मुलगा कान्हा तोवर पावणे गावातल्या एका कारखान्यात नोकरीला लागला होता. त्याने पहिल्या बोनसमधून निळे नायलॉनचे जाळे आणले आणि मला घडी करून माळ्यावर टाकले. मी तिथे पाच वर्षे उंदरांशी भांडत काढली.

१९८४ च्या मे महिन्यात मला खाली काढले. मला वाटले, काम आले! कसले काम? पाहुणे आले होते.

कान्हाच्या कारखान्यातले कारकून मधुकरराव वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहत. सुटीत समुद्रावर नेईन, असे त्यांनी बायको सुनीतीबाई आणि दहा वर्षांची मुलगी नंदिनी यांना कबूल केले होते. कान्हा म्हणाला, "लांब कशाला जाता? आमच्या दारात पानी हाय." मग मंडळी आठ दिवसांसाठी आली. ती आली नेमकी ओहोटीच्या वेळी. समोर नुसता चिखल चमकत होता.

"बाबा, वाळू कुठे आहे?" नंदिनीने विचारले.

"येईल गं, भरतीबरोबर येईल," मधुकरराव म्हणाले.

कान्हाची बायको रखमा बोंबील वाळत घालत होती. ती खो खो हसली. "भरतीबरोबर पानी येतं, भावजी. वाळू आनायला ट्रक लागतो!"

पोरीचा चेहरा पडला. तेव्हा कान्हाने मला तिहेरी दुमडले, अंगणातल्या भेंडीच्या दोन मोठ्या सावलीच्या झाडांना बांधले आणि म्हणाला, "घे, झोपाळा!"

झोपाळा! ज्याने खाडीचे ओढते पाणी पेलले, त्याने आता मधुकररावांची दुपारची झोप पेलायची! ते तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत. सुनीतीबाईंनी घड्याळ पिशवीत टाकून दिले होते. त्या माझ्यात पाय हलवत बसत आणि आंबा चोखत म्हणत, "पहाटे नळावर पाणी भरायचं नाही. हाच खरा स्वर्ग." भरती आली की खाडीवरचा वारा आम्हाला झुलवी. मी मनातून धुमसत होतो. पण खरे सांगू? नंदिनी माझ्यात झोपली की मला बरे वाटे. हे मात्र तुमच्या-माझ्यातच राहू द्या.

पाचव्या दिवशी विलासशेठ आला. तो गावातलाच. त्याने नुकतेच हमरस्त्यावर जेवणाचे हॉटेल काढले होते.

"कान्हा, हे निकामी जाळं मला दे. हॉटेलच्या भिंतीवर टांगतो. गिऱ्हाईकाला कसं, दर्यावर बसल्यासारखं वाटलं पायजे."

"ने की," कान्हा म्हणाला. "पावने गेले की ने."

ओटीवरून आवाज आला, "निकामी कोनाला बोलतोस रं?" वामनबाबांची नजर तेव्हा फार अधू झाली होती, पण कान तिखट होते. काठी टेकत ते माझ्यापाशी आले. "तीन दिसांनी अमावस्या हाय. उधानाचं पानी. मी ह्याला खुंटाला बांधतो. ओहोटी सरंपर्यंत टिकलं, तर घरात ऱ्हाईल. नाय टिकलं, तर ने तुज्या भिंतीला."

"बा, कशाला हट्ट?" कान्हा म्हणाला.

"हट्ट नाय. परीक्षा हाय."

मला आनंदाने झुलावेसे वाटले. मी तयार होतो!

दुसऱ्या दिवशी घात झाला. रखमा बाजारात गेली होती, पुरुष होडीत होते, वामनबाबा झोपले होते. आपण पाच दिवस यजमानांची वस्तू वापरली, ती स्वच्छ करून द्यायला हवी, असे सुनीतीबाईंच्या मनात आले. शिवाय मला माशांचा वास येत होता आणि नंदिनीच्या फ्रॉकला माझे तांबूस डाग पडले होते. त्यांनी चुलीवर पाणी उकळले, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला, मला त्यात भिजवले आणि दगडावर बडव बडव बडवले. माझा रंग पाण्याबरोबर वाहून गेला. मी बगळ्यासारखा पांढरा झालो. माझ्या गाठी सैल पडल्या आणि काही डोळे तुटले.

रखमा रिकामी पाटी घेऊन परतली आणि जागीच थबकली. "अगं बाय माजे! हे काय केलंस?"

"धुतलं! बघा तरी, किती पांढरंशुभ्र निघालं."

रखमाने कपाळावर हात मारला आणि सालीची गोष्ट सांगितली. सुनीतीबाईंचा चेहरा माझ्याहून पांढरा झाला. वामनबाबा उठून आले तेव्हा त्या रडत म्हणाल्या, "काका, मला खरंच माहीत नव्हतं हो."

वामनबाबांनी मला बोटांनी चाचपले. नाकाशी धरले. होडीतून परतलेला कान्हा हळूच म्हणाला, "जाऊ दे बा. विलासला सांगतो, घेऊन जा."

"का म्हनून?" बाबा कडाडले. "पांढरं झालंय, मेलं नाय! माळ्यावर सालीचं पोतं हाय. बाय, रडू नको. रडून रंग चढत नाय. उद्या सकाळी समद्यांनी कुटायला बसायचं. पावन्यांची सुटी संपली!"

आणि खरोखरच संपली. सकाळपासून सगळे अंगणात साल कुटत होते. मधुकररावांच्या तळहाताला फोड आले. ते मुसळ दोन बोटांनी धरत होते. रखमा म्हणाली, "भावजी, मुसळ हाय ते, पेन नाय." सुनीतीबाईंनी पदर खोचून जाळ सांभाळला. काल ज्या चुलीवर माझा रंग गेला, त्याच चुलीवर तो परत उकळत होता.

तुटलेले डोळे कोण ओवणार? वामनबाबांना दिसत नव्हते आणि कान्हा ते कधी शिकलाच नव्हता. बाबांनी नंदिनीला जवळ बसवले. तिच्या बोटांवर आपली बोटे ठेवली. "असा फेरा. आतून काढ. आता आवळ. घाई करू नको, पोरी. घाईची गाठ पान्यात कळते." तिने पंधरा गाठी मारल्या. एक जाड, एक तिरकी, एक गोळ्यासारखी. दिसायला अगदीच ओबडधोबड. मग मला काढ्यात बुडवले, पिळले आणि वाऱ्यावर सुकवले. माझ्याबरोबर तिचे तळहातही रंगले.

अमावस्येच्या दुपारी भरती पूर्ण भरली. बाबांनी आणि कान्हाने मला खुंटांना बांधले. काठावर सगळे उभे होते. विलासशेठ छत्री घेऊन आला होता.

पाणी ओहोटीला फिरले. सुरुवातीला हळू, मग असे की खुंट थरथरू लागले. मित्रांनो, मी पाच वर्षे पाण्यात नव्हतो. माझी वीण न् वीण कण्हत होती. मी खाडीला म्हणालो, ओढ, किती ओढायचे ते ओढ! मी भिंतीवर जाणार नाही! तेवढ्यात एक गाठ सुटली. शेजारची सुटली. भोक वाढत वाढत हाताएवढे झाले आणि नंदिनीच्या त्या ओबडधोबड गाठींपाशी येऊन पोहोचले. तिथे ते थांबले. मी दातओठ खाऊन धरून ठेवले. सूर्य कलला, चिखल उघडा पडला, ओहोटी सरली.

मला काठावर आणले. विलासशेठने भोकात हात घातला. "फाटलं की, बाबा! आता माझं."

वामनबाबांनी बोटे फिरवली. "ही गाठ माजी. तेरा वर्सांची. ही सुटली. आनि ही पोरीची, कालची. हिनं धरलं." मग त्यांनी माझे पोट पाटीत मोकळे केले. अर्धी पाटी कोलंबी, चार बोय आणि एक रागावलेली चिंबोरी. पाटी त्यांनी विलासशेठपुढे ठेवली. "तुज्या भिंतीवरून एवढं निघंल?"

विलासशेठने छत्री मिटली आणि तो हसला. "हरलो, बाबा. कोलंबी तरी इकत दे." त्याच्या भिंतीवर पुढे नायलॉनचा तुकडा आणि प्लॅस्टिकचे मासे लागले.

पाहुणे वाशीला गेले. जूनमध्ये शाळेत बाईंनी नंदिनीला विचारले, "मेंदी लावून शाळेत येतात का?" तळहात पुढे करून ती म्हणाली, "मेंदी नाही बाई, हा जाळ्याचा रंग आहे. मी काम केलंय." पुढच्या मे महिन्यात ती आली, तेव्हा तिने हे स्वतः वामनबाबांना सांगितले आणि बाबा दिवसभर ते गावात सांगत फिरले. त्यांची सुटलेली गाठ तिनेच पुन्हा मारली.

आज १९८८ साल आहे. बाबा आता ओटीवरून उठत नाहीत. मला खुंटाला कान्हा बांधतो. दर मे महिन्यात नंदिनीजवळ बसून तोही गाठ मारायला शिकला. मित्रांनो, माझे एवढेच ऐका. जुन्या वस्तूला चकचकीत करण्याआधी, भिंतीवर चढवण्याआधी, तिला ओळखणाऱ्या माणसाला विचारा, की हिचे काम काय आणि ही टिकते कशाने. मग तिला तिचे काम द्या. ती म्हातारी असली तरी करील. माणसांचेही तसेच आहे.

बरे, आता पुरे. भरती भरत आली आहे, कान्हा होडी सोडतो आहे. मला कामाला जायचे आहे.