भुजंगनाथांचं शीर्षासन

पालमच्या अलीकडच्या त्या गावात भरदुपारी बारवेभोवती पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मधोमध, दोन पुरुष उंचीच्या खोल पाण्यावर, भुजंगनाथ महाराज भगव्या कफनीत मांडी घालून बसले होते. हातपाय अजिबात हलत नव्हते. तोंड मात्र चालू होतं. ते पाण्याबाहेरही कधी बंद नसायचं.

"मासा बुडतो का? न्हाई. कमळ बुडतं का? न्हाई. मग माझा भक्त कसा बुडंल? हा ताईत दंडाला बांधा अन् लेकरू खुशाल समुद्रात टाका."

समुद्र पालमपासून किती लांब आहे, हे कुणी विचारलं नाही. पायलीभर ज्वारीला एक, असे ताईत हातोहात खपत होते.

आश्रुबाने ताईत घेतला तो भीतीने. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या भावाचं पोरगं याच बारवेत बुडून गेलं होतं. शाळेला सुट्टी लागल्यापासून त्याची पोरगी रुख्मिणी इथेच पडीक असायची आणि शेतात त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. आता महाराजांच्या हुकमाने ताईत बांधून पहिली उडी तिनेच मारायची होती.

शाळेच्या सत्यशीलाबाई गर्दीतून पुढे आल्या. "आश्रुबा, पोरीला पोहता येतं का?"

"ताईत हाय की, बाई."

"मग तो आधी वरवंट्याला बांधून बघा."

शेजारच्या सरजाबाईंचा वरवंटा आला. त्याला ताईत बांधला, हळदकुंकू लावलं, पाण्यात सोडला. गेला तो गेलाच.

"वरवंट्याची श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. गर्दीला हे पटलं. सरजाबाईंना तेवढं पटलं नाही. संध्याकाळचं वाटण व्हायचं होतं.

लोकांचं मन फिरू नये म्हणून महाराजांनी पाण्यातच जोरात गिरकी घेतली. कफनी फुगली, आतलं काहीतरी कमरेवरून पायांकडे घसरलं आणि महाराज उलटे झाले. डोकं पाण्यात, पाय आभाळाकडे.

"शीर्षासन लावलं बघा," म्हणत आश्रुबाने हात जोडले. टाळ वाजू लागले. महाराज पाय झाडू लागले तसा टाळांना आणखी जोर चढला.

"अरे, माणूस बुडायलाय," बाई ओरडल्या. "मोटेचा नाडा, तो जाड दोर आणा."

"तप मोडंल, बाई," आश्रुबा म्हणाला. "तुमी कामून मधी पडायलात?"

बाईंनी स्वतःच नाडा ओढून आणला, आश्रुबाच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक चौघांच्या हातात दिलं. "उडी घ्यायची नाही. खालच्या पायरीवरून लांब बांबूच्या आकडीने कफनी ओढा."

महाराज पायरीवर आले ते पाणी ओकतच. कफनीखाली दोरीला दोन मोठे वाळलेले भोपळे होते. आत हवा, म्हणून ते तरंगतात. सिद्धी काय ती एवढीच. महाराजही पोकळच होते, पण ती पोकळी पाण्यात कामाची नव्हती.

"पोहता येतं का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," महाराज म्हणाले. गावात आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं खरं वाक्य.

रुख्मिणी अजून काठावर परकर खोचून तयार उभी होती. आश्रुबाने तिच्याकडे पाहिलं. "मीच ढकललं असतं तिला," तो म्हणाला.

"भोपळ्यांचा काही गुन्हा नाही," बाई म्हणाल्या. "ते पोरांच्या पाठीला उघड बांधा, पोहणारं मोठं माणूस सोबत पाण्यात राहू द्या, नाडा कायम काठावर ठेवा. एकट्या लेकराला इथं सोडू नका. पाण्याला मंत्र कळत नाही."

आश्रुबाने पोरीला काठावरून मागे ओढलं आणि तिला धरून तिथेच खाली बसला.

"बाई, आधी मला पोहायला शिकवा," तो म्हणाला. "ती बुडली असती तर मला नुसतं बघत बसावं लागलं असतं."