निवल्यावरचा रंग

सन १९५६. तळेगावच्या काच कारखान्यात इंदुताई भट्टीपाशी उभी होती, आणि शेजारी तिचे वडील, भट्टीवाले रंगराव, मान खाली घालून. मालकीणबाईंनी देवळात टांगायच्या लाल काचेच्या हंडीसाठी गळ्यातल्या माळेच्या दोन सोन्याच्या पुतळ्या काढून दिल्या होत्या. ते सोने तेजाबात विरघळवून काचेत मिसळले. पण ओतलेली हंडी निघाली पाण्यासारखी स्वच्छ.

"रंगराव, सोनं कुठं गेलं?" व्यवस्थापक नानासाहेबांनी विचारले.

"काचेतच हाय, साहेब."

"मग मला का दिसत नाही? माझे डोळे गेले, की तुमची नियत?" त्यांनी फौजदाराला बोलावणे धाडलेही होते.

बी.एस्सी. झालेल्या इंदुताईला कारण ठाऊक होते. सोन्याचे कण अजून इतके बारीक होते, की त्यांचा रंग उठत नव्हता. हंडी पुन्हा तापवली की ते वाढतात, प्रकाशातला हिरवा भाग गिळतात आणि काच लाल दिसते. प्रमाणाबाहेर वाढले, तर मात्र काच कायमची काळवंडते. केवढा कण कोणता रंग देईल, हे तिने एका जर्मन सूत्रावरून, लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर आठ दिवस खपून मांडले होते. त्यावरून हंडी किती वेळ तापवायची, त्याचे उत्तर आले होते चाळीस मिनिटे. हंडी आता पुन्हा तापायला दुसऱ्या भट्टीत होती.

पंचविसाव्या मिनिटाला तिने वही पुन्हा चाळली आणि तिचे बोट एका आकड्यावर थांबले. वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो तो आकडा, १.३३! तो तर पाण्याचा. पुस्तकातले उदाहरण पाण्यातल्या सोन्याचे होते, आणि आकडा तिने तसाच उतरवला होता. काचेचा दीड. म्हणजे काचेत कण लहान असतानाच रंग बिघडणार, चाळीस मिनिटांच्या कितीतरी आधी.

"आबा, काढा! आत्ताच!"

"पोरी, चाळीस म्हनली व्हतीस."

"चुकले मी. काढा!"

नानासाहेब हसले. "बापाचं सोनं, लेकीचं गणित. दोन्ही गायब!"

रंगरावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले, आणि हंडी सळईने उचलून गरम राखेत ठेवली. तापलेली काच लालच दिसते; खरा रंग निवल्यावर कळतो. फाटकाशी फौजदाराची सायकल थांबली. बापाच्या हातात बेड्या पडल्या, तर त्या इंदुताईच्या वहीतून निघालेल्या असतील.

निवल्यावर रंगरावांनी राख झटकली. हंडी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती.

नानासाहेब फौजदाराला परत पाठवायला फाटकाकडे गेले. इंदुताईने हंडी उजेडासमोर धरली. जाळाकडच्या काठावर बोटभर काच काळपट निळी झाली होती; आणखी थोडा वेळ, आणि सारी हंडी तशीच झाली असती.

तिने हंडी खाली ठेवली. मग वहीतला १.३३ खोडून तिथे दीड लिहिले.