इंडिकेटर दिला होता

वासुदेवराव जात्याच संशयी. नागपुरात भाजीवाल्याच्या काट्यावर डोळा ठेवण्यात जन्म गेला, आणि जे. पी. नगरात लेकीकडे राहायला आल्यापासून तर अख्खं बेंगळूरु आपल्याला फसवायला टपलंय, असंच त्यांना वाटायचं. त्यात गेल्या महिन्यात तिची नवी गाडी सोसायटीच्या गेटला घासली. नीलिमाने बजावलं होतं, "बाबा, अजून एकदा कुठे ठोकलीत, तर किल्ली माझ्याकडे!" नातीला नाचाच्या क्लासला सोडणं एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं. तेही गेलं की बसा दिवसभर टीव्हीसमोर!

आज नातीला सोडून येताना नेमका घात झाला. ते डावीकडच्या गल्लीत वळले आणि मागून आलेली स्कूटर दारावर आदळली.

"आता चोराच्या उलट्या बोंबा ऐका," असं पुटपुटतच ते उतरले.

स्कूटरवाला त्यांच्याच वयाचा निघाला. बाही झटकत तो चक्क मराठीत म्हणाला, "बोंब कशाला मारू, अण्णा? लागलं नाही मला. पण तुम्ही इंडिकेटर दिला नाही बघा."

मराठी! वासुदेवरावांचा संशय दुप्पट झाला. आधी आपला माणूस म्हणून गळ्यात पडायचं, मग गळा कापायचा. असले डाव त्यांना पाठ होते.

"दिला होता!" ते कडाडले. "याच हाताने दिला. गाडीत कॅमेरा आहे, सगळं दिसतं त्यात!"

आता हा पळ काढणार, अशी त्यांची खात्री होती. पण त्याचा चेहराच उतरला.

"सरी, सरी, बरोबर असेल तुमचं. मग माझ्या डोळ्यांचाच दोष. मोतीबिंदू काढल्यापासून सून सांगतेच आहे, स्कूटर बंद करा म्हणून. आज देऊन टाकतो किल्ली. देवळात जाईन पायी, स्वल्प स्वल्प, हळूहळू." त्याने आपला नंबर दिला. "भीमसेन माझं नाव. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथलेच. दाराचं काय ते कळवा."

इतक्या सहज कोण चूक कबूल करतं? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणत वासुदेवराव घरी आले आणि पुरावा हाताशी असावा म्हणून कॅमेऱ्यातलं चित्रण मोबाइलवर लावून बसले.

लख्ख ऊन. समोर गल्ली आली. आणि गाडी वळायच्या आधी कोरड्या ठणठणीत काचेवरून वायपर एकदा फिरला.

त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. वायपर पुन्हा फिरला. त्यांच्या जुन्या गाडीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला होती. या गाडीत उजवी दांडी वायपरची, इंडिकेटर डावीकडे. नीलिमाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि हे म्हणाले होते, मला शिकवू नकोस. आता त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात नीलिमा आत आली. "बाबा, दार चेपलंय! चूक कोणाची?"

त्या स्कूटरवाल्याची, म्हटलं असतं तर खपलं असतं. कॅमेरा समोरचंच टिपतो, धडक त्यात आलीच नव्हती, आणि वायपरकडे कोण बघतंय? शिवाय तो भला माणूस चूक कबूल करून बसला होता.

वासुदेवरावांनी तिला हाताने थांबवलं आणि नंबर फिरवला.

"भीमसेनराव, किल्ली दिलीत सुनेला?"

"आत्ताच दिली बघा."

"परत मागून घ्या. तुमचे डोळे चांगले आहेत. मी इंडिकेटर दिलाच नव्हता."

फोन ठेवून त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि नीलिमाच्या हातावर ठेवली.